पाच लाखांचं कार्ड आणि तीनशेची हजेरी

पत्र

ताई, नमस्कार.

मी चाकणला एका कारखान्यात पॅकिंगला आहे. पगार अठरा हजार, कापून सतराच्या आसपास हातात येतो. आई माण तालुक्यात दादाकडे असते. वय एकसष्ट. बीपी आणि शुगर दोन्ही, तीन वर्षांपूर्वी कळलं. तिचं सरकारी आरोग्य विम्याचं पाच लाखांचं कार्ड काढलंय. सरकारी दवाखान्यात आता केस पेपरलाही पैसे लागत नाहीत. तरी ती जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर आहे. गेली तर महिन्याच्या गोळ्या मिळतात, पण ती गेलीये गेल्या वर्षात चारदा. गोळ्या पुरवून पुरवून, दिवसाआड खाते. विचारलं की म्हणते, "मला काय झालंय? चालतीया-फिरतीया." रोजानं खुरपणीला जाते, तीनशे हजेरी. मी औषधाला पैसे पाठवले तर ते नातवंडांच्या वह्यांना जातात.

दादा म्हणतो, कार्ड आहे ना, काही झालं तर ॲडमिट करू, फुकट होईल. वर तो ग्रामपंचायतीत आहे, तिथं म्हणतो की दवाखाना फुकट केल्यापासून लोक नुसती गर्दी करतात, वीस-तीस रुपये लावायला पाहिजेत म्हणजे खरा आजारीच येईल. मला पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. फुकट असून माझीच आई जात नाही, आणि फुकट आहे म्हणून लोक उगाच जातात, ही दोन्ही एकाच वेळी खरी कशी? आईला कसं पाठवू?

तुमच्या मुलीसारखी,
एक वाचक

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या ओळीतला प्रश्न मी तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना फळ्यावर लिहायचे, पण तुझ्याइतका नेमका मला कधी मांडता आला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे, तीनशे हजेरीच्या वाक्यात.

आधी आईचा हिशेब मांडू, दादाकडे नंतर वळू.

केस पेपर शून्य, तपासणी शून्य, गोळ्या शून्य. पण सकाळची ओपीडी गाठायची म्हणजे त्या दिवशीची खुरपणी गेली. तीनशे रुपये तिथंच गेले. एसटीला बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन तीस धर. रांगेत बसून भूक लागते, चहा आणि पाव, वीस. साडेतीनशे झाले. महिन्यात तिला पंधरा दिवस काम मिळत असेल तर कमाई साडेचार हजार. म्हणजे एका 'फुकट' भेटीला तिच्या महिन्याच्या कमाईतले जवळजवळ आठ टक्के जातात. साठ हजार पगाराच्या माणसाला प्रत्येक वेळी बीपी मोजून घ्यायला साडेचार हजारांच्या वर पडले असते, तर तो वर्षातून किती वेळा गेला असता? तुझी आई चारदा गेली. मला तर ती हिशेबी नि जबाबदार बाई वाटते.

आणि एवढं करून डॉक्टर जागेवर नसले तर? राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या शंभर गावांमध्ये वीसएक वर्षांपूर्वी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी पाहणी केली होती. तिथली उपकेंद्रं कामाच्या वेळेत छप्पन्न टक्के वेळा बंद सापडली. असा एखादा हेलपाटा पडला की पुढच्या खेपेची किंमत माणसाच्या मनात आपोआप दुप्पट होते. तुमच्याकडची परिस्थिती त्याहून कितीतरी बरी असेल. पण तुझ्या आईचा कधी असा हेलपाटा झालाय का, हे तिला एकदा विचार. 'मला काय झालंय'च्या मागे पुष्कळदा एखादा फुकट गेलेला दिवस असतो.

याच्या जोडीला बीपी-शुगरचा स्वभाव बघ. ते दुखत नाहीत. दात ठणकायला लागला, पोटात मुरडा आला, पोराला ताप भरला, तर आपल्याकडे बाई डोरलं गहाण टाकून डॉक्टरकडे जाते. तिथं किंमत कुणी बघत नाही. जे दुखत नाही त्याच्यासाठी मात्र प्रत्येक रुपया आणि प्रत्येक तास मोजला जातो. म्हणून दवाखान्याची किंमत थोडी जरी वाढली तरी सगळ्यात आधी तुटते ती अशीच भेट, जी आज चुकली तर आज काहीच बिघडत नाही.

आता दादा. त्याला एकदम वेड्यात काढू नकोस, कारण त्याचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. फुकट केलं की लोक जास्त जातात, हे जगभर मोजलं गेलंय. सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेतला. तिथल्या सरकारच्या पैशानं रँड नावाच्या संस्थेनं १९७४ ते १९८२ या काळात तो केला. हजारो माणसांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विमा योजनांमध्ये टाकलं. कुणाला सगळा उपचार फुकट, कुणाला बिलाचा पाव हिस्सा खिशातून, कुणाला निम्मा आणि कुणाला जवळजवळ सगळाच, म्हणजे पंच्याण्णव टक्के, अर्थात वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंतच. मग नुसतं बघत बसले. फुकटवाले वर्षाला सरासरी ४.५५ वेळा डॉक्टरकडे गेले. पाव हिस्सा भरणारे ३.३३ वेळा. पंच्याण्णव टक्केवाले २.७३ वेळा.

हे आकडे दादासमोर ठेवलेस तर तो म्हणेल, "बघ, मी काय सांगत होतो?" त्याला म्हणावं, जरा थांब. फुकटापासून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत जाताना भेटी एकूण १.८२ नं घटल्या, आणि त्यातल्या १.२२, म्हणजे दोन तृतीयांश, नुसत्या पहिल्या पाव हिश्श्यालाच घटल्या. शून्यावरून थोडंसं वर चढलं की धक्का मोठा बसतो, पुढं माणूस सरावतो. 'फक्त वीस रुपये तर आहेत' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की जे गेले नाहीत ते कोण. उगाच जाणारे घरी बसले आणि खरे आजारी जात राहिले असते, तर दादाची पावती-पद्धत उत्तमच होती. रँडवाल्यांनी तेही तपासलं. गरजेच्या भेटी आणि बिनगरजेच्या भेटी जवळजवळ सारख्याच प्रमाणात कमी झाल्या. कसं नाही होणार? आपली डोकेदुखी साधी आहे की बीपीची, हे कळायलाच तर डॉक्टरकडे जायचं असतं. दारातच पैसे मागून आजारी नि उगाच आलेला असे वेगळे करायचे म्हणजे निदान करायचं काम पेशंटवर सोपवण्यासारखं आहे, आणि तेही तपासणीच्या आधी.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगते. त्या प्रयोगात सर्वसाधारण माणसाच्या तब्येतीत फुकट आणि पैसेवाल्या गटात म्हणावा असा फरक सापडला नाही. ज्यांना लोकांकडून पैसे घ्यायचे असतात ते हेच वाक्य ऐकवतात आणि थांबतात. पण त्याच अहवालात एक अपवाद आहे: गरीब आणि रक्तदाब वाढलेली माणसं. त्यांचा रक्तदाब फुकट गटात जास्त आटोक्यात राहिला, आणि संशोधकांच्या अंदाजानुसार त्यांच्या मरणाचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास कमी झाला. गरीब आणि बीपीवाली. वाचताना मला तुझ्या आईचं पत्र पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतून आल्यासारखं वाटलं.

दादाच्या बाजूचं अजून एक उदाहरण देते, नाहीतर तो म्हणेल ताई एका बाजूनं बोलतात. जपाननं १९७३ साली सत्तरीच्या वरच्या सगळ्यांचा उपचार फुकट केला. दवाखान्यांच्या बाकांवर म्हाताऱ्यांच्या बैठकी जमायला लागल्या. तिथला एक जुना विनोद आहे. एक आजी दुसरीला विचारते, "आज त्या दिसल्या नाहीत?" दुसरी म्हणते, "तब्येत बरी नसेल." दहा वर्षांत, १९८३ साली, सरकारनं वृद्धांना पुन्हा थोडे पैसे लावले. अलीकडच्या दशकांतही जपानमध्ये माणूस एकोणसत्तरचा सत्तर झाला की खिशातून द्यायचा हिस्सा एकदम घटायचा, आणि दवाखान्याच्या भेटी त्या वाढदिवसालाच सुमारे दहा टक्क्यांनी वाढायच्या. मरणाच्या आकड्यात त्या टप्प्यावर फरक दिसला नाही. म्हणजे फुकटाची गर्दी असते आणि सगळी गर्दी काही जीव वाचवत नाही. दादाला हे मान्य करून टाक. पुढचं बोलणं सोपं जाईल.

पण मग फी लावून ती गर्दी हटते का? जर्मनीनं करून पाहिलं. २००४ च्या जानेवारीपासून तिथं तीन महिन्यांतल्या पहिल्या भेटीला दहा युरो द्यायचे होते. लोकांनी काय केलं? एकदा दहा युरो भरले की त्याच तिमाहीत सगळी दुखणी उरकायची, नाहीतर पुढची तिमाही उजाडेपर्यंत कळ काढायची, आणि पहिल्या डॉक्टरकडूनच बाकीच्यांच्या चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या. डॉक्टरांच्या दारात पावत्यांचं काम वाढलं ते वेगळंच. २०१२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या संसदेनं ही फी एकमतानं रद्द केली. सगळे पक्ष एका बाजूला! तुमच्या ग्रामपंचायतीत हे कधी झालंय का, दादालाच विचार.

आपल्याकडेही हेच वळण आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केस पेपरसकट सगळं मोफत झालं. सोमवारी गर्दी होते, खरं आहे. पण त्या गर्दीत किती जण 'उगाच' आलेले असतात आणि किती जण पूर्वी येतच नव्हते, हे दादाला बाकावर बसलेल्या माणसाकडे बघून कसं कळतं? तुझी आई त्या बाकावर बसली तरी तो तिला कदाचित उगाच आलेल्यांतच धरेल. हिंडती-फिरती बाई, ना ताप ना खोकला.

आता तुझ्या घरातला सगळ्यात धोक्याचा गैरसमज: "कार्ड आहे ना."

ते कार्ड महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. ही २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावानं सुरू झालेली योजना. २०१७ ला नाव बदललं, पुढं केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. आधी दीड लाखांचं संरक्षण होतं, ते पाच लाख झालं. योजना चांगली आहे. माझ्या ओळखीतल्या दोघांचे त्यात बायपास झालेत, एक पैसा न देता. पण ती बनलीये दाखल होणाऱ्यासाठी. ठरलेली ऑपरेशनं, ठरलेले उपचार, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे थोडे दिवस. महिन्याची तपासणी, रोजची गोळी, शुगर बघणं, असं बाह्यरुग्ण विभागातलं काही त्यात बसत नाही. म्हणजे हे कार्ड डायलिसिसला चालतं, पण ज्यानं डायलिसिस टळेल त्या कामाला चालत नाही. शुगर आणि बीपी हीच किडनी जाण्याची दोन मोठी कारणं आहेत. दादा ज्याला विमा म्हणतोय तो घर पडल्यावर मिळणारी भरपाई आहे, आणि तो घराची कौलं शाकारायला तयार नाही.

'ॲडमिट केलं की फुकट' हेही आतल्या बिलापुरतंच. लकवा मारून आई पंधरा दिवस साताऱ्याला किंवा पुण्याला पडली, तर तिच्यापाशी बसणाऱ्याची हजेरी, जेवण, येणं-जाणं आणि नंतर वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं, हे कुठल्या कार्डात आहे? ते तुझ्या वहिनीच्या अंगावर येणार. कधीतरी हे दादाशी नको, वहिनीशी बोल.

दिवसाआड गोळीचं वाचून मात्र मी पत्र खाली ठेवलं. माझे वडील हेच करायचे. पेन्शन यायला आठ दिवस असले की गोळी अर्धी करायची, आणि वर आम्हाला सांगायचं, "शरीराला सवय लागू नये." आम्ही शिकलेली मुलं, तरी आम्हाला ते शहाणपणाचं वाटायचं! अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्यात औषधांवर एक अभ्यास झालाय. एका औषधामागं खिशातून जाणारे पैसे दहा डॉलरच्या आसपास वाढले तर औषध घेणं बावीस-तेवीस टक्क्यांनी घटलं आणि त्या महिन्यांतली मरणं सुमारे एक तृतीयांशानं वाढली. लोकांनी बिनकामाची औषधं सोडली असती तर असं झालं नसतं. त्यांनी हृदयाची आणि बीपीची सोडली, आणि ज्यांना धोका जास्त त्यांनीही सोडली. तेव्हा दिवसाआडची गोळी ही काटकसर नाही, हे आईला तू सांगू नकोस. तिथल्या नर्सला किंवा आशाताईला सांगायला लाव. लेकीचं बोलणं काळजी म्हणून ऐकलं जातं आणि तिथंच सोडून दिलं जातं.

बरं, करायचं काय?

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेलीस, ती मला सगळ्यात कामाची वाटते. पगार अठरा हजार. एकवीस हजारांच्या आत पगार आहे म्हणजे बहुतेक तुझा ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, कापला जात असेल. पगाराच्या पावतीवर बघ, पाऊण टक्का कपात दिसेल. मालक त्यात सव्वातीन टक्के घालतो. हाही सरकारी विमाच, पण १९४८ च्या कायद्यानं सुरू झालेला, आणि याची रचना त्या कार्डाच्या उलट आहे: साधी तपासणी, गोळ्या, रक्ताच्या चाचण्या, दाखल होणं, सगळं यात येतं, आणि दारात काही द्यावं लागत नाही. तुझ्यावर अवलंबून असलेली आई यात बसू शकते, तिचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला नऊ हजारांच्या आत असेल तर. तिचं साडेचारच आहे. कारखान्याच्या ऑफिसात जाऊन 'आईचं नाव कुटुंबात लावायचंय' एवढंच म्हण. तिचा आधार आणि फोटो लागेल. ती तुझ्याजवळ राहत नाही हे तिथं सांग आणि तिच्या गावाला जवळचा दवाखाना कोणता लावता येईल ते विचारून घे. जवळ नसेल तर रोजच्या गोळ्यांना त्याचा उपयोग नाही, पण दिवाळीला किंवा यात्रेनंतर ती तुझ्याकडे आठ दिवस येते तेव्हा डोळे, किडनी, पाय, रक्त, सगळ्या वर्षाच्या तपासण्या तुझ्या दवाखान्यात होतील. हजेरीचे दिवस नसतात तेव्हाच ती येते ना?

महिन्याच्या गोळ्यांसाठी नऊ किलोमीटर जायलाच पाहिजे का, हे आधी बघ. तुमच्या किंवा शेजारच्या गावात उपकेंद्र असेल, आता त्याच्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी असते. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात. बीपी-शुगर मोजणं, ठरलेल्या गोळ्या चालू ठेवणं, गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं करून देणं, हे त्यांचं कामच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याचा सगळा भर यावरच होता की गोळी पेशंटच्या जवळ जावी आणि एका वेळी महिन्याची मिळावी. आशाताईला फोन कर आणि दोनच गोष्टी विचार: आईच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतील का, आणि कुठल्या दिवशी तिथं माणूस नक्की असतो. दुसरा प्रश्न विसरू नकोस.

तसं जमलं नाही तर बाजाराचा दिवस धर. आई बाजाराला जातेच. तिकीट तर काढलेलंच असतं, त्या दिवसाची हजेरीही तशीही बुडालेली असते. बाजार आरोग्य केंद्राच्या गावात भरत असेल तर भाजी घ्यायच्या आधी दवाखाना. गर्दी असेल, दोन तास जातील, पण ते दोन तास खुरपणीतून जाणार नाहीत. मघाचे साडेतीनशे वजा कर आणि बघ काय उरतं.

मधल्या काळात गोळ्या संपल्या तर जनऔषधी केंद्र शोध. बीपीच्या साध्या गोळ्या तिथं फार स्वस्त मिळतात. मात्र गोळीचं नाव नि मात्रा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जी आहे तीच. आणि आईचं तोंड वाकडं झालं, हातातलं सुटायला लागलं, बोलणं अडखळलं, छातीत धरलं, तर बाजाराचा दिवस, हजेरी, कार्ड, काही बघायचं नाही. १०८.

पैसे पाठवायचे तर औषधाला म्हणून पाठवू नकोस. औषध तिला फुकटच मिळतंय, मग तिच्या दृष्टीनं ते उरलेले पैसे, आणि उरलेले पैसे नातवंडांचे. यात तिचं चुकत नाही. तिचं बुडतंय ते रोजगाराचं, तेव्हा त्या दिवसाची हजेरी भरून दे. लेकीकडून घ्यायला ती तयार होणार नाही हे मला माहीत आहे, आमच्याही घरात लेकीचं पाणीसुद्धा जड जायचं. म्हणून हे वहिनीच्या हातून कर, आणि आई दवाखान्यातून परत आल्यावर त्याच संध्याकाळी. आधी नाही.

राहिला दादा. त्याच्याशी रँड नि जर्मनीवरून वाद घालायला मी तुला एवढं सांगितलं असं समजू नकोस. ते तुझ्या मनाच्या समाधानाला. त्याच्याकडे मोटारसायकल आहे ना? भाऊबीजेला ओवाळशील तेव्हा साडी नको म्हण. ताटात काय टाकायचं ते त्याला सांग: महिन्यातून एकदा सकाळी आठला आईला गाडीवर बसवून आरोग्य केंद्रात सोडायचं आणि तो ग्रामपंचायतीच्या कामाला जाताना परत आणायचं. साडेदहापर्यंत ती शेतात. उशिरा आलेल्या बाईला अर्धी हजेरी तरी मिळते का तुमच्याकडे? मिळत असेल तर मला कळव, माझा वरचा हिशेब निम्म्यानं चुकेल आणि मला फार आनंद होईल.

आणि आईला फोन करशील तेव्हा 'दवाखान्यात गेलीस का' म्हणून विचारू नकोस, ती हो म्हणेल. 'या आठवड्यात खुरपणी कुणाकडे आहे' ते विचार, म्हणजे कुठला दिवस मोकळा आहे ते तुला कळेल.

तुझी,
ताई